पिंजऱ्यातला डाव आणि बाहेरचा लौकिक

द्वंद्वात जो जिंकतो तो श्रेष्ठ, हा न्याय इतका सरळ दिसतो की त्यावर आणखी काही लिहिण्याचे प्रयोजनच उरू नये. परंतु मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नावाने जगभर रूढ झालेल्या मिश्र युद्धकलेचा गेल्या तीन दशकांचा इतिहास चाळू लागले, की जिंकूनही ज्यांची इभ्रत घटली आणि हरूनही ज्यांचा नावलौकिक वाढला अशा मल्लांची नावे एकामागून एक पुढे येऊ लागतात. ठोसा, लाथ, पट, पकड आणि गळफास ही सारी आयुधे ज्यात एकाच वेळी चालतात असा हा खेळ असल्यामुळे, आपले कोणते आयुध केव्हा उपसावे आणि प्रतिपक्षाच्या कोणत्या आयुधापासून चार हात दूर राहावे, याचा विचार येथे निव्वळ मुष्टियुद्धापेक्षा किंवा निव्वळ कुस्तीपेक्षा कितीतरी अधिक निर्णायक ठरतो. असे असूनही या विचाराचे श्रेय लढणाऱ्याच्या पदरात क्वचितच पडते; उलट, विचारपूर्वक लढणाऱ्यावर भित्रेपणाचा आरोप येतो आणि अविचाराने पुढे घुसणाऱ्याच्या गळ्यात शौर्याची माळ पडते. या विसंगतीची कारणे शोधावीत आणि ती कितपत न्याय्य आहे हे पाहावे, एवढाच या आढाव्याचा हेतू आहे. माझे मत प्रारंभीच नमूद करतो: या खेळातला लौकिक नियम, लढतीचा शेवट आणि बाजार या तिघांच्या संगनमताने ठरत आला आहे, आणि डावपेचाच्या गुणावगुणांची दाद त्या दरबारात फार उशिरा लागते.

या खेळाची आधुनिक कालगणना १२ नोव्हेंबर १९९३ या दिवसापासून करण्याचा शिरस्ता आहे. त्या रात्री अमेरिकेतील डेन्व्हर शहरी अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसी, या संस्थेची पहिली स्पर्धा भरली. निरनिराळ्या युद्धपद्धतींचे आठ स्पर्धक तीत उतरले, आणि त्या सर्वांत अंगयष्टीने सामान्य दिसणारा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून विजयी झाला. तिन्ही लढतींचा काळ मिळून पाच मिनिटेही भरली नाहीत. एकाच हातात मोजा चढवून आलेला मुष्टियोद्धा आर्ट जिमरसन तर खाली दाबला जाताच, फारसा मार न खाता, हात आपटून मोकळा झाला. ग्रेसीच्या या यशात बळापेक्षा ज्ञानाचा वाटा मोठा होता. बहुतेक प्रतिपक्ष्यांचे डाव त्याला ठाऊक होते आणि त्याचे डाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेही नव्हते. शिवाय या योजनेत लौकिकाचाही हिशेब होता. स्पर्धेच्या आयोजकांपैकी एक असलेला त्याचा भाऊ रॉरियन याने घराण्यातील सर्वांत मातब्बर समजल्या जाणाऱ्या रिक्सनला बाजूला ठेवून सडपातळ रॉयसला पुढे केले, कारण किरकोळ देहाचा माणूस जिंकला म्हणजे यश मल्लाच्या नव्हे तर विद्येच्या नावावर जमा होणार होते. या घराण्याला लौकिकाचे मर्म पूर्वीपासूनच अवगत होते. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर त्यांचे वडील हेलिओ ग्रेसी जपानच्या मासाहिको किमुरापुढे हरले. हात मोडला तरी त्यांनी शरणागती पत्करली नाही, आणि ज्या पेचाने तो मोडला त्याला पुढे किमुराचेच नाव पडून तो ग्रेसींच्या स्वतःच्या आखाड्यांत शिकवला जाऊ लागला. पराभवाचे भांडवल कसे करावे याचा हा पहिला धडा म्हणावा लागेल.

मात्र ग्रेसींचा डाव ज्या गृहीतावर उभा होता ते म्हणजे काळाची मुबलकता. वेळेचे बंधन नसेल तर पाठीवर पडून, प्रतिपक्षाला पायांच्या विळख्यात धरून, तो चूक करीपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे असते; मुदत घातली की तेच शहाणपण निष्क्रियता ठरते. एप्रिल १९९५ मध्ये शार्लट येथे ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांची फेरलढत छत्तीस मिनिटे चालली. शॅमरॉक बहुतेक वेळ त्याच्या पायांच्या विळख्यात सावधपणे दबून बसला आणि निकाल देणारे पंच नसल्याने लढत बरोबरीत सुटली. मुदतीचा नियम मान्य नसल्याने ग्रेसीने त्यानंतर त्या संस्थेचा निरोप घेतला. नियमाचे एक कलम बदलले आणि अजिंक्य समजली गेलेली पद्धत अनेक पद्धतींपैकी एक होऊन बसली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढचा दशकभराचा इतिहास म्हणजे एका लौकिकाने दुसऱ्याचे केलेले खंडन होय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतर्फे उतरलेला कुस्तीगीर मार्क कोलमन १९९६ मध्ये पिंजऱ्यात आला, आणि पट काढून माणूस खाली घ्यावा, वर ताबा ठेवावा आणि तेथूनच ठोशांचा वर्षाव करावा, ही साधी पण भयंकर रीत त्याने रूढ केली. १९९७ च्या फेब्रुवारीत तो पहिला हेवीवेट विजेता झाला, आणि आता कुस्तीगिरांपुढे कोणाचे काही चालणार नाही, असे लोक बोलू लागले. त्याच वर्षीच्या जुलैत मॉरिस स्मिथ या किकबॉक्सिंगवाल्याने त्याला एकवीस मिनिटे झुंजवून पंचांच्या निर्णयाने हरवले. स्मिथला कोलमनला पाडता येत नव्हते आणि पाडण्याची गरजही नव्हती. खाली पडल्यावर जिवंत कसे राहावे, पुन्हा उभे कसे व्हावे आणि बलदंड माणसाचा दम केव्हा सुटतो एवढ्याच तीन गोष्टी तो शिकून आला होता. पुढे चक लिडेलने हाच विचार पूर्णत्वास नेला. महाविद्यालयात कुस्ती खेळलेल्या या माणसाने आपली कुस्ती पट काढण्यासाठी न वापरता प्रतिपक्षाचा पट फोल ठरवण्यासाठी वापरली. समोरचा पायाशी झेपावला की पाय मागे फेकून अंगाचा भार त्याच्या मानेवर टाकायचा आणि सुटताच उजव्या हाताचा ठोसा हाणायचा. २००५ मध्ये रँडी कुटुअरला बेशुद्ध करून त्याने विजेतेपद मिळवले. लोकांनी त्याला ठोसेवाला म्हणून डोक्यावर घेतले. ते ठोसे ज्या कुस्तीच्या आधारावर निर्धास्तपणे पडत होते, ती मात्र त्याच्या लौकिकात कोठेच दिसत नाही.

येथे नियमांच्या बाबीकडे वळले पाहिजे, कारण वेळकाढू लढत आणि तिच्यावरील लोकांचा रोष या दोहोंचा जन्म पिंजऱ्यात झालेला नाही. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्टानिस्लॉस झबिस्को यांची जी प्रसिद्ध कुस्ती झाली तीत झबिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक हातागुडघ्यांवर टेकून जमिनीला चिकटून राहिला, आणि लढत अनिर्णित राहिली. पुढच्या आठवड्यात फेरलढतीस तो हजरच झाला नाही व पट्टा गामाकडे गेला. त्या दिवशीच्या नियमांत निष्क्रियतेला दंड नव्हता, तेव्हा उभे राहून गामाला भिडणे हा झबिस्कोच्या दृष्टीने निव्वळ वेडेपणा होता, हे पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे तो मिनिटभरही टिकला नाही यावरून सिद्धच झाले. तरीही लंडनच्या प्रेक्षकांनी त्याला दूषणे दिली, आणि त्याच्या कैफियतीत तथ्य असूनही त्याच्या नावाला तो डाग चिकटला तो चिकटलाच.

मिश्र युद्धकलेत या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली. अमेरिकेत १९९६ साली सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज ठरवून राज्याराज्यांत बंदीची मोहीम उघडली, तेव्हा जगण्यासाठी खेळाला कायद्याचा आश्रय घेणे भाग पडले. २००० च्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या नियामक मंडळाच्या पुढाकाराने एकत्रित नियमावली तयार झाली: वजनगट, मोजे, पाच मिनिटांच्या फेऱ्या, साधारण लढतीस तीन आणि विजेतेपदास पाच, प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्र, जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास बहुधा नऊ. जपानमध्ये १९९७ ते २००७ या काळात गाजलेल्या प्राइड या संस्थेने दुसरा मार्ग धरला. तेथे पहिली फेरी दहा मिनिटांची, निर्णय फेरीनिहाय न देता संपूर्ण लढतीवर, आणि त्यातही लढत निकालात काढण्याचा प्रयत्न कोणी अधिक केला याला अग्रस्थान. जो रेंगाळेल त्याला रेफरी पिवळे कार्ड दाखवी आणि त्याच्या मानधनाचा दहावा हिस्सा कापला जाई. एकाच कलेच्या या दोन दरबारांत दोन भिन्न स्वभावांची माणसे मोठी झाली, यात नवल नाही. फेरीच्या अखेरच्या मिनिटात पट काढून ती फेरी आपल्या नावावर लिहून घेणे अमेरिकेत चतुराई ठरे. टोकियोत त्याच कृत्याला कोणी विचारले नसते.

प्राइडच्या वातावरणाने घडवलेला सर्वांत मोठा लौकिक म्हणजे काझुशी साकुराबा. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये रॉयस ग्रेसीशी त्याची लढत ग्रेसींच्याच अटींवर झाली. फेऱ्यांना मर्यादा नाही, रेफरीला लढत थांबवण्याचा अधिकार नाही, अशा कराराने पंधरा पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे दीड तास, ती चालली, आणि अखेर ग्रेसीच्या बाजूने टॉवेल फेकला गेला. काळाची मुबलकता हे ज्या घराण्याचे शस्त्र होते त्याच शस्त्राने त्या घराण्याचा पराभव झाला. साकुराबा त्याच रात्री आपल्याहून कितीतरी वजनदार अशा इगोर वोव्हचानचिनपुढे पुन्हा उतरला आणि पंधरा मिनिटांनंतर त्याला माघार घ्यावी लागली; पण त्या पराभवाने त्याची कीर्ती कणभरही उणावली नाही, पुढे वांदरलेई सिल्वाकडून तीनदा हरूनही उणावली नाही. येथे आपल्याशी असलेला एक दुवा नोंदवला पाहिजे. साकुराबा ज्या जपानी व्यावसायिक कुस्तीच्या परंपरेतून आला, तिचा आद्यगुरू मानला गेलेला बेल्जियमचा कार्ल गॉच याने हिंदुस्थानी पहिलवानांचे दंड, बैठका आणि मुद्गल आपल्या शिष्यांच्या अंगवळणी पाडले होते. तेव्हा टोकियोतील त्या दीड तासाच्या दमामागे आपल्या तालमींचाही काही अंश होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

अमेरिकन पद्धतीचा परमोत्कर्ष पाहावयाचा असेल तर कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरकडे पाहावे. कराटेतून आलेल्या या माणसाने शाळेत कुस्ती खेळलेली नव्हती. माँट्रियलच्या ऑलिंपिक दर्जाच्या कुस्तीगिरांबरोबर सराव करून त्याने ती आत्मसात केली, आणि जन्मभर कुस्ती खेळलेल्यांचे पट काढू लागला. एप्रिल २००७ मध्ये मॅट सेरा या कमी लेखल्या गेलेल्या प्रतिस्पर्ध्याने पहिल्याच फेरीत त्याला ठोशांनी लोळवले. वर्षभराने त्याच सेराला जमिनीवर दाबून त्याने विजेतेपद परत घेतले, आणि त्यानंतर कोणाच्याही आवडत्या आयुधाला संधी द्यायची नाही हा त्याचा दंडक झाला. डिसेंबर २०१० मध्ये जोश कोसचेक या नामांकित कुस्तीगिराविरुद्ध त्याने पंचवीस मिनिटे डाव्या हाताचा सरळ ठोसा इतक्या नेमाने मारला की कोसचेकचा उजवा डोळा पूर्ण मिटला व डोळ्याभोवतीचे हाड मोडले. विजेतेपद त्याने सलग नऊ वेळा राखले. पण त्यांपैकी अखेरच्या सातही लढतींचा निर्णय पंचांच्या गुणपत्रिकेवर झाल्यामुळे, हा माणूस हरू नये म्हणून लढतो, जिंकावे म्हणून लढत नाही, अशी फिर्याद त्याच्याविरुद्ध कायम राहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये चार वर्षांनी परतून त्याने वरच्या वजनगटाचा विजेता मायकल बिस्पिंग याचा गळा आवळला, तेव्हा कोठे ही फिर्याद निकालात निघाली. कौशल्य तेच होते. फरक एवढाच, की या वेळी प्रतिपक्षी बेशुद्ध पडला होता.

या फिर्यादीमागे केवळ प्रेक्षकांची चंचल रुची नसून रोख व्यवहारही आहे. यूएफसीच्या करारनाम्यांत दीर्घकाळ असा दस्तूर होता की पिंजऱ्यात उतरण्याबद्दल एक रक्कम आणि जिंकल्यास बहुधा तेवढीच आणखी एक रक्कम. म्हणजे हरणाऱ्याची निम्मी कमाई बुडाली. अशा स्थितीत गुणांवर का होईना, जिंकणे हा संसारी माणसाचा धर्म ठरतो. उलट, उत्कृष्ट लढतीसाठी संस्था स्वतंत्र इनाम देते, ते दीर्घकाळ पन्नास हजार डॉलरचे होते, आणि पुढची लढत कोणाशी, किती मानाची, हे ठरवण्याचा अधिकारही संस्थेकडेच असतो. एक हात सावधपणाला मेहनताना देतो आणि दुसरा हात त्याच सावधपणाला शिक्षा करतो. जॉन फिच या कुस्तीगिराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. प्रतिस्पर्ध्यास पाडून दाबून ठेवण्याच्या रीतीने त्याने वर्षानुवर्षे जय मिळवले. गुणांवर जिंकणारा कंटाळवाणा माणूस म्हणून त्याची ख्याती झाली. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत, पहिल्या दहांत गणना होत असतानाही, एका पराभवानंतर त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच्याहून अधिक वेळा हरलेले, पण रक्ताळलेल्या तोंडाने हसत लढणारे कित्येक जण नोकरीवर कायम राहिले.

आता एकच डावपेच आणि दोन भिन्न लौकिक यांचे एक उदाहरण जवळून पाहू. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी लास व्हेगास येथे कार्लोस काँडिट आणि निक डियाझ यांची हंगामी विजेतेपदासाठी लढत झाली. डियाझची रीत सर्वज्ञात होती: पुढे चालत जायचे, बोलून डिवचायचे, प्रतिपक्षाला जाळीशी कोंडायचे आणि तेथे पोटावर व तोंडावर हलक्या पण अखंड ठोशांची झोड उठवून त्याचा दम संपवायचा. पॉल डेली, बी. जे. पेन हे त्याच्यासमोर उभे राहून ठोशास ठोसा देत गेले आणि हरले. काँडिटने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. जाळी पाठीला लागली की तो बाजूने निसटे आणि पुन्हा मोकळ्या जागेत येई. डियाझ पुढचा पाय टाकी त्याच क्षणी त्या पायावर लाथ बसे. तो जवळ येईपर्यंत काँडिट दुसऱ्याच कोनात उभा असे. डियाझ दोन्ही हात पसरून त्याला लढण्याचे आव्हान देई, आणि काँडिट त्या आव्हानाला उत्तर म्हणून आणखी एक लाथ मारी. अखेरच्या फेरीत डियाझने पाठ पकडली, पण तेवढ्याने भागले नाही. तिन्ही पंचांनी काँडिटला विजयी ठरवले. दुसऱ्या दिवसापासून काँडिट पळून जिंकला, असा गिल्ला सुरू झाला. ज्या माणसाने तोवरचे जवळजवळ सर्व जय नॉकआउटने किंवा शरणागतीने मिळवले होते तो एका रात्रीत भेकड ठरला, आणि हरलेला डियाझ आपल्या चाहत्यांच्या लेखी अपराजितच राहिला.

पावणेचार वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, मेलबर्नच्या स्टेडियममध्ये छप्पन हजारांहून अधिक लोकांसमोर हॉली होमने रोंडा राउझीचा सामना केला. राउझी बीजिंग ऑलिंपिकची जुदोतील कांस्यपदकविजेती. तिच्या आधीच्या दोन लढती अनुक्रमे चौदा आणि चौतीस सेकंदांत संपलेल्या. ती सरळ रेषेत धावून येते, जवळ आली की फेकते आणि फेकले की हात मोडते, हे होम जाणून होती. म्हणून ती मागे सरकत, बाजूला वळत, येणाऱ्या राउझीला डाव्या हाताने टिपत आणि मिठी पडताच कोपराने फोडीत राहिली. दुसऱ्या फेरीत तोल गेलेली राउझी उठत असताना होमची डावी लाथ तिच्या मानेवर बसली आणि ती कोसळली. ही लढत व्यूहरचनेचा आदर्श म्हणून वाखाणली गेली. आता लक्षात घ्यावयाचे ते हे की होम आणि काँडिट दोघेही न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीचे, ग्रेग जॅक्सन आणि माइक विंकलजॉन या एकाच वस्तादद्वयाचे शिष्य; दोघांनाही दिलेली शिकवण एकच, की रागाने पुढे येणाऱ्याला त्याची रेषा मिळू द्यायची नाही. इतकेच नव्हे, तर राउझीपूर्वीच्या होमच्या यूएफसीतील दोन लढती याच सावध रीतीने गुणांवर जिंकल्या गेल्या तेव्हा तिलाही कंटाळवाणी म्हणून नावे ठेवण्यात आली होती. ती एक लाथ बसली नसती आणि पाच फेऱ्यांनंतर होम गुणांवर जिंकली असती, तर तिचीही गणना काँडिटच्याच पंक्तीत झाली असती, याबद्दल मला शंका वाटत नाही.

शेवट लौकिकाचे रूप कसे पालटतो, याला अँडरसन सिल्वाहून बोलका साक्षीदार सापडणार नाही. २००६ पासून यूएफसीत सलग सोळा लढती त्याने जिंकल्या. हात खाली सोडून, हनुवटी पुढे करून प्रतिपक्षाला ठोसा मारण्याचे निमंत्रण द्यायचे आणि तो चुकताच प्रतिठोसा हाणायचा, ही त्याची लकब अलौकिक प्रतिभेची खूण मानली जाई. ६ जुलै २०१३ रोजी ख्रिस वाइडमनसमोर त्याने तीच लकब केली, वाइडमनचा डावा ठोसा या वेळी चुकला नाही, आणि कालची प्रतिभा आज उर्मटपणा ठरली. त्या लकबीत नेहमीच जेवढा धोका होता तेवढाच त्या रात्री होता. रशियाच्या फेदोर एमेलियानेंकोची गोष्ट याच जातीची. ऑगस्ट २००५ मध्ये मिर्को क्रो कॉपसारख्या भयंकर लाथेच्या मल्लाला त्याने सतत मागे रेटत ठेवले, कारण मागे सरकणाऱ्याला पाय रोवून लाथ मारता येत नाही. इतका अचूक विचार त्या वेळी क्वचितच कोणी केला असेल. परंतु जवळजवळ दहा वर्षे न हरल्यामुळे त्याच्याभोवती विचारापेक्षा दैवी सामर्थ्याची कथा रचली गेली. जून २०१० मध्ये फाब्रिसिओ वेर्दुम खाली पडताच, तो जमिनीवरील पकडींचा निष्णात आहे हे ठाऊक असूनही, फेदोर त्याच्या पायांच्या विळख्यात झेपावला आणि ६९ सेकंदांत हात आपटून मोकळा झाला. स्वतःच्या कथेवर लढणाऱ्याचाच विश्वास बसला म्हणजे विचाराची जागा सवय घेते.

उलटपक्षी, लौकिक शस्त्र म्हणूनही चालतो. डिसेंबर २०१५ मध्ये कॉनर मॅकग्रेगरने होजे आल्डोला तेरा सेकंदांत पाडले, त्याआधी कित्येक महिने तो आल्डोला वाक्ताडनाने डिवचत होता. एरवी संयमी असलेला आल्डो पहिल्याच क्षणी पुढे झेपावला, यात त्या डिवचण्याचा वाटा असावा असे मानण्यास जागा आहे. पण याच मॅकग्रेगरचे मोठेपण मला मार्च २०१६ मध्ये नेट डियाझकडून हरल्यानंतरच्या ऑगस्टमधील फेरलढतीत अधिक दिसते. तेथे त्याने बढाईला आवर घातला, डियाझच्या पुढच्या पायावर लाथांचा मारा केला, दम राखला, प्रसंगी पाठ फिरवून अंतरही घेतले, आणि बहुमताने निर्णय मिळवला. लोकांना तेरा सेकंद आठवतात. पंचवीस मिनिटे आठवत नाहीत. डिमेट्रियस जॉन्सनने पुरुषांच्या सर्वांत हलक्या वजनगटाचे विजेतेपद अकरा वेळा राखले, आणि तंत्राच्या परिपूर्णतेत त्याच्या तोडीचा मल्ल दाखवणे कठीण. तरी त्याच्या नावावर गर्दी जमेना, आणि २०१८ मध्ये संस्थेने त्याला सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपकडे देऊन त्याच्या बदल्यात अपराजित म्हणून गाजलेला बेन अॅस्क्रेन घेतला. पुढच्याच जुलैत हॉर्हे मास्विडालच्या उडत्या गुडघ्याने अॅस्क्रेन पाच सेकंदांत गारद झाला.

महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर ज्याने कुस्त्या पाहिल्या आहेत त्याला निकाली कुस्तीची ओढ कशी असते आणि गुणांवर सुटलेल्या कुस्तीनंतर मैदान कसे कुरकुरते, हे सांगावयास नको. मॅटवरच्या कुस्तीचे गुणशास्त्र आपल्या जाणकारांनीही फार नाखुशीने स्वीकारले. या खेळाशी आपला प्रत्यक्ष संबंधही आता जुळला आहे. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईचा भरत खंडारे शांघाय येथे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. चीनच्या साँग यादाँगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळला. पट काढताना मान मोकळी राहिली तर तो गळफास बसतो. आपल्या कुस्तीत चीत करणे हे ध्येय असल्याने मान जपण्याची ही सवय तालमीत लागत नाही. तेव्हा आपल्या मुलांना या क्षेत्रात उतरवावयाचे असेल, तर अंगबळापेक्षा नियमांतील हा फरक आधी शिकवावा लागेल.

याचा अर्थ प्रेक्षकांचा रोष सदैव अनाठायी असतो असा मात्र नाही. एप्रिल २००८ मध्ये माँट्रियल येथे केलिब स्टार्न्स नेट क्वॉरीसमोर तीन फेऱ्या अक्षरशः मागे पळत राहिला. अखेर क्वॉरी त्याच्यासमोर धावण्याची नक्कल करू लागला आणि एका पंचाने ३०-२४ असा क्वचित दिसणारा निर्णय दिला. पळणे याला म्हणतात, आणि गुणपत्रिकेने त्याला योग्य ती शिक्षा केली. स्टार्न्स मागे सरकला तो मार चुकवण्यासाठी. काँडिट मागे सरकला तो मारण्याची जागा मिळवण्यासाठी. हा भेद ज्याला दिसत नाही त्याने भित्रेपणाचा फैसला देण्याच्या भरीस पडू नये. २०१७ पासून सुधारलेल्या निकषांनी पंचांनाही हेच बजावले आहे: प्रथम ठोसा, लाथ व पकड यांचा परिणाम पाहावा, तो समसमान असेल तरच आक्रमकतेचा विचार करावा, आणि तीही समान असेल तरच जागेवरील ताब्याचा. नुसते पुढे चालत येण्याला स्वतंत्र मोल नाही.

तेव्हा कोणत्याही लढवय्याची योग्यता ठरवताना, प्रतिपक्षाने त्याच्यापुढे कोणता प्रश्न टाकला होता, त्या दिवशीच्या नियमांनी कशाला मोल दिले होते, आणि आपल्या अंगच्या गुणांनी त्याने तो प्रश्न कितपत सोडवला, हे आधी विचारावे. प्रतिपक्षी कोसळला की गुणांवर हरला, ही चौकशी सर्वांत शेवटी करावी. या कसोटीवर सेंट-पिएर, जॉन्सन आणि त्या फेब्रुवारीच्या रात्रीचा काँडिट यांची आजवर झालेली किंमत कमी आहे, आणि केवळ बेदरकारपणावर मोठे झालेल्या कित्येकांची फाजील. पुढची लढत पाहताना वाचकांनी निकालाची घोषणा होण्यापूर्वीच प्रत्येक फेरीचे आपले मत कागदावर लिहून ठेवावे, आणि मग शेवट पाहून ते बदलावेसे वाटते का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे.